सागरी वारशाची नोंद कोळीवाड्यातच व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुंबईच्या सागरी वारशावर काही छापून आलं की त्यातली पात्रं ठरलेली असतात. १७३६ मध्ये सुरतेहून आलेले जहाजबांधणी करणारे लवजी नसरवानजी वाडिया, मुंबईच्या गोदीत सागाचं बांधलेलं आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला जपून ठेवलेलं १८१७ चं 'ट्रिंकोमाली' जहाज, १८७५ चा ससून डॉक, १८८० चा प्रिन्सेस डॉक, १४ एप्रिल १९४४ चा 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट. आणि शेवटी, जागा उरली तर, नारळी पौर्णिमेला नटलेल्या कोळिणींचा रंगीत फोटो. आमची तक्रार त्या शेवटच्या फोटोबद्दल आहे. वरळी, माहीम, खारदांडा, वेसावे, मढ, मनोरी, गोराई, ट्रॉम्बे, कुलाबा इथल्या माणसांचं समुद्राचं ज्ञान रोजच्या वापरातलं आहे. ते टिपायला मात्र बाहेरचं कुणीतरी दोन दिवसांसाठी येतं, वहीत उतरवून घेतं आणि निघून जातं. त्या वहीचं पुढे काय झालं ते गावाला कळत नाही.

हे ज्ञान किती कामाचं असतं याचा दाखला वरळीत आहे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्या जायला दोन खांबांमध्ये ६० मीटरचा गाळा ठरवला होता. वारा आणि पाण्याची ओढ असताना एवढ्या फटीतून होडी सुखरूप काढता येत नाही, असं तिथले मच्छीमार सांगत राहिले. बरीच ओढाताण झाल्यावर एक खांब गाळून तो गाळा १२० मीटरचा केला गेला. आराखडा कागदावर असतानाच दोन तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) होडीसकट बोलावलं असतं, तर हेच एका सकाळीत समजलं असतं.

असो. आम्ही किनाऱ्यावरच्या नोंदींचं काम करणारी माणसं आहोत, म्हणून गाऱ्हाण्यापेक्षा पद्धतीवर जास्त लिहितो. कुठल्याही कोळीवाड्याला, मच्छीमार सोसायटीला किंवा जवळच्या कॉलेजला ती उचलता येईल.

आधी हंगाम. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला पसरलेली असतात, तांडेल घरी असतो. संशोधक मात्र येतात डिसेंबर-जानेवारीत, हवा चांगली म्हणून. तेव्हा तांडेल पाण्यावर असतो, आणि पाहुण्यांना भेटतो तो पुढारी किंवा ज्याला काम नाही तो. एक अडचण बंदीच्या महिन्यांतही आहे: बाहेरगावचे खलाशी मेअखेरीला गावी जातात. त्यांच्याशी बोलायचं तर मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत उरकावं.

गट आठ-दहा जणांचा पुरतो, आणि त्यात निम्म्या तरी बायका हव्यात. मासळी धक्क्यावर उतरली की पुढचा सगळा कारभार त्यांच्या हातात असतो: भाव, उधारी, वाटे, कुठल्या बंदरची मासळी कुठल्या महिन्यात कशी लागते, बोंबील वलांडीवर (सुकवायच्या बांबूच्या मांडवावर) किती उन्हं खातो. हे विचारायला पुरुष गेला तर 'त्यात काय सांगायचं' एवढंच उत्तर मिळतं. गटातल्यांना मानधन द्यावं, आणि सांगणाऱ्याचा बुडलेला वेळही हिशेबात धरावा. बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाच्या प्रवासाचा खर्च मंजूर होतो, पण त्याला खुणा दाखवायला नेणाऱ्या होडीचं डिझेल मंजूर होत नाही, असं सर्रास दिसतं.

आता खुणा. आमच्या मते सगळ्यात आधी हातात घ्यायचं काम हे, कारण हे सगळ्यात वेगाने हातचं जातंय. जीपीएस येण्याआधी तांडेल समुद्रातली जागा दोन रेषांवरून धरत असे. मागचा डोंगर आणि पुढचं देऊळ, मनोरा किंवा ताड एका ओळीत आले की एक रेषा. दुसऱ्या दिशेला अशीच दुसरी जोडी. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा. त्याबरोबर पाणी किती वाव (खोलीचं माप, पुढे सांगतो) आणि तळ कसला, चिखल, रेती की खडप (खडकाळ). म्हणजे एका खुणेची नोंद पुरी व्हायला चार वस्तू, एक खोली आणि एक तळ लागतो. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक छापील फॉर्मांत मात्र 'ठिकाणाचे नाव' एवढा एकच रकाना असतो. तो भरला की काम झाल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या पिढीला त्या नावावरून जागा काही सापडत नाही.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. एकच रेषा लिहून घेतली जाते. तिच्यावर मैलभर कुठेही उभं राहता येतं. दोन रेषांमधला कोन तीस अंशांहून कमी असला तर डोळ्याची थोडी चूक समुद्रात फार मोठी होते, म्हणून तिसरी जोडी आहे का ते विचारावं. पुढची वस्तू टॉवरामागे दडली असेल तर तेव्हा काय दिसायचं आणि आता तिथे काय आहे, दोन्ही लिहावं. नवे टॉवर आणि मोबाइलचे मनोरे हेसुद्धा आता खुणा झाले आहेत. 'हे काही पारंपरिक नाही' म्हणून ते गाळू नयेत. तांडेलाला खूण जुनी आहे की नवी याच्याशी देणंघेणं नसतं, ती दिसते की नाही याच्याशी असतं.

वाव म्हणजे दोन हात पसरल्यावर होणारं अंतर, ढोबळ सहा फूट. पण हात ज्याचे त्याचे. म्हणून सांगणाऱ्याला उभं करून त्याचा वाव टेपने मोजून घ्यावा आणि नोंदीच्या माथ्यावर लिहावा. पाच फूट सात इंचांचा वाव आणि पुऱ्या सहा फुटांचा वाव, यांत वीस वावांवर आठ फुटांहून जास्त फरक पडतो. शिवाय मुंबईत उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ तीन वाव. भरती की सुकती (ओहोटी) हे न लिहिता नुसती खोली लिहिली तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

इथे जुन्या माणसांचा हिशेब उपयोगी पडतो. त्यांना घड्याळातली वेळ आठवत नाही, तिथी आठवते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. पुढे साधारण सव्वासहा तासांनी सुकती पूर्ण होते. हा हिशेब मिनिटाला बरोबर नसतो, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण 'पंचमीला दुपारी चारला वीस वाव' एवढं कळलं तरी ती खोली भरतीची आहे हे समजतं. गटातल्या कॉलेजच्या मुलांनी हा पाढा पहिल्याच दिवशी शिकून घ्यावा. भरतीच्या छापील तक्त्यापेक्षा तो बोलणं सुरू करायला जास्त कामाचा.

होडीवरच्या जीपीएसमधून आकडे उतरवताना आणखी एक घोळ होतो. बहुतेक यंत्रं अंश आणि दशांश मिनिटं दाखवतात. पडद्यावर १८ अंश ५७.३० मिनिटं असतात आणि लिहिणारा १८ अंश ५७ मिनिटं ३० सेकंद लिहितो. हा फरक ०.२ मिनिटाचा, म्हणजे समुद्रात सुमारे ३७० मीटर. खडप शोधायला गेलेल्याला मग साफ चिखल लागतो, आणि दोष तांडेलाच्या आठवणीला दिला जातो. उपाय सोपा आहे: पडद्याचा फोटो काढायचा, आकडा नंतर फोटोवरून उतरवायचा.

हे सगळं गोळा झालं की ते नकाशावर टाकून जगाला दाखवायची घाई होते. ती करू नये. मासळीची जागा ही घराची मिळकत असते, आणि बुडालेल्या जहाजाची जागा भंगारवाल्याच्या कानावर गेली की तिथे काही शिल्लक राहत नाही. नोंदवह्या दोन ठेवाव्यात. बंद वहीत नेमके आकडे राहतील आणि ती सोसायटीच्या कपाटात कुलपात असेल. खुल्या वहीत खुणेचं नाव, तिची गोष्ट आणि दोन किलोमीटरच्या चौकोनापर्यंतच जागा. कुठली खूण कुठल्या वहीत जाणार ते सांगणारा ठरवील, लिहिणारा नाही.

दुसरं काम लाकडी होड्यांचं. फायबरच्या होड्या आल्यापासून लाकडी होडी बांधणारे सुतार थोडे उरले, आणि जे आहेत ते कागदावर आराखडा काढत नाहीत. माप डोळ्यात आणि हातात असतं. म्हणून होडी मोडायला जाण्याआधी ती मोजून ठेवायला हवी. दहा मीटरच्या होडीला चार माणसं आणि दोन दिवस पुरतात. सामान गवंड्याच्याच पेटीतलं: ३० मीटरचा टेप, पाच मीटरचे दोन टेप, ओळंबा, न ताणणारा नायलॉनचा दोरा, पाण्याची लेव्हल नळी, आलेख कागद, पेन्सिल.

होडीच्या बाजूने, पठाणाला (तळाच्या मुख्य लाकडाला) समांतर, जमिनीपासून थोडा वर दोरा ताणावा आणि नळीने तो समपातळीत आणावा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी खोटी दाखवते. म्हणून दोन्ही टोकं आधी शेजारी धरून पाणी सारखं आहे का ते बघावं. मग दोऱ्यावर दर मीटरला खूण करायची, नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) आणि मागच्या टोकाकडे दर अर्ध्या मीटरला, कारण वळण तिथे जास्त असतं. प्रत्येक खुणेपाशी कातेपासून (वरच्या काठापासून) पठाणापर्यंत सहा-सात ठिकाणी ओळंबा सोडून दोन मापं घ्यायची: दोऱ्यापासून आडवं अंतर आणि उभं अंतर. होडी दोन्ही बाजूंनी सारखी असते असं धरून एकच बाजू मोजायचा मोह होतो. जुनी होडी एका बाजूला बसलेली असते, म्हणून निदान तीन ठिकाणी दोन्ही बाजू मोजाव्यात. टेकू देऊन ठेवलेली होडी कललेली असेल तर तिचा कल आधी लिहावा, नाहीतर कागदावर वाकडी होडी उमटते. एकाने मापं वाचायची, दुसऱ्याने मोठ्याने परत म्हणत लिहायची. 'सहा' आणि 'दहा' वाऱ्यात सारखे ऐकू येतात.

आतून वांकांची (होडीच्या बरगड्यांची) संख्या, जाडी आणि दोन वांकांमधलं अंतर घ्यावं. फळीला फळी कशी जोडली आहे, कडेला खाच पाडून बसवली आहे की नुसती भिडवून फटीत कापूस ठासला आहे, ते जवळून काढलेल्या फोटोत आणि हाताने काढलेल्या आकृतीत दोन्हींत हवं. लाकूड कुठलं ते सुताराकडूनच विचारून घ्यावं. फळ्यांना साग आणि वाकड्या भागांना बाभूळ अशी निवड का, हे तो लाकूड हातात घेऊन सांगतो तेव्हा कळतं: वांकासाठी मुळात वाकडं वाढलेलं खोड शोधतात, सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर रेषा तुटते आणि तिथेच ते चिरतं. अवयवांची नावं इथे आम्ही आमच्या सोयीने वापरली आहेत. प्रत्येक कोळीवाड्यात ती वेगळी असू शकतात, आणि वहीत गावातलंच नाव जायला हवं.

फोनवरून त्रिमिती प्रतिमा करता येते, आणि तरुण मुलांना तेच आधी करायचं असतं. जरूर करावं, मोजणीबरोबर. दोनशे ते तीनशे फोटो, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान ६० ते ७० टक्के भाग आलेला, होडीभोवती तीन उंचींवरून तीन फेऱ्या. झूम वापरायचा नाही. जूनमधलं ढगाळ आकाश यासाठी उत्तम, पण ओली फळी चमकते आणि चमकणाऱ्या पृष्ठभागावर सगळा हिशेब फिसकटतो, म्हणून पावसाने उघडीप दिल्यावर दोन-तीन तास थांबावं. वाऱ्यावर हलणारी जाळी आणि ताडपत्री आधी काढावी. होडीशेजारी एक मीटरच्या दोन पट्ट्या ठेवायला विसरलात तर चित्र देखणं येतं, आणि ती होडी दहा मीटरची की दहा इंचांची, ते सांगता येत नाही.

बोलणं ध्वनिमुद्रित करण्याबद्दल थोडं. 'तुमचा इतिहास सांगा' या प्रश्नाला शाळेतल्या भाषणासारखं उत्तर येतं. हातात वस्तू द्यावी. डोल जाळ्याची म्होर (तोंड) कुठली, खोला (शेवटची पिशवी) कुठला, इथपासून सुरू केलं की माणूस मोकळा होतो. दोन म्हाताऱ्यांना शेजारी बसवलं तर ते एकमेकांना खोडून काढतात, आणि ती खोडाखोडच मोलाची असते. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, कॉलर माइकवर फोम. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल अशा, दाबून लहान न केलेल्या फाइलला तासाला एक जीबी लागतो, तेवढी जागा ठेवावी. एका तासाचं बोलणं लिहून काढायला सहा ते आठ तास जातात. बहुतेक उपक्रम इथेच अडकतात, म्हणून पन्नास मुलाखती करून दहा लिहिण्यापेक्षा वीसच कराव्यात.

आणि लिहिताना सुधारू नये. माणूस 'होरी' म्हणाला तर 'होरी', 'जालं' म्हणाला तर 'जालं'. शुद्धलेखनाची शिस्त लागलेली मुलं नकळत 'होडी' आणि 'जाळं' करून टाकतात, आणि कोळी बोलीचा एक आख्खा पुरावा पुसला जातो. तपासायला गावातलीच दुसरी व्यक्ती असावी.

उशीर किती झाला आहे ते एका तारखेवरून कळेल. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांनी कित्येकांना पाण्यातून काढलं. त्या दिवशी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या घरात आहे.

समुद्राशी नातं असलेले फक्त कोळीच नव्हेत. गोदीतले कामगार, रत्नागिरीकडचे खलाशी, कोकणी मुसलमान सारंग (खलाशांचे मुकादम), धोबीतलावच्या कुडांमध्ये (गावाच्या सामाईक बिऱ्हाडांत) उतरणारे गोव्याचे दर्यावर्दी, यांच्या घरांत बोटीवरची डिस्चार्ज बुकं असतात. कुठल्या बोटीवर, कुठल्या बंदरात, कुठल्या तारखेला चढला आणि उतरला, पानापानावर शिक्क्यासह. मुंबईच्या कामगारांचा जगभरचा प्रवास या वह्यांतून उभा राहतो. त्यांची पानं स्कॅन करावीत, पण खासगी क्रमांक झाकून.

घरातले कागद आणि फोटो घराबाहेर न्यायचे नाहीत, स्कॅनर घरी न्यायचा. एकदा 'आठ दिवसांत परत देतो' म्हणून नेलेला अल्बम परत आला नाही की तो वाडा पुढची वीस वर्षं कुणाला दार उघडत नाही. साध्या फोटोला ६०० डीपीआय, मागची बाजूही स्कॅन करायची. स्टुडिओचा शिक्का आणि कुणीतरी लिहिलेलं नाव तिथेच असतं. संमतीचा कागद मराठीत, एका पानाचा, वाचून दाखवलेला. त्यात तीन पर्याय असावेत: नावासह खुलं, नाव न देता खुलं, किंवा फक्त घरच्यांसाठी. नंतर मन बदललं तर काढून घेता येईल, हेही त्यात लिहावं. पंधरा दिवसांत पेन ड्राइव्ह घरी पोचवावा.

आता जाळ्यात किंवा सुकतीला चिखलात सापडणाऱ्या वस्तूंविषयी. किनाऱ्यावर शोध घ्यायचा तर उधाणाच्या दिवशी. मुंबईत तेव्हाची सुकती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. तळाला पाणी पोचण्याआधी एक तास आणि नंतर एक तास, एवढीच मुदत. एकट्याने जायचं नाही, कालवांनी पाय फाटतात आणि चिखलात गमबूट रुततात. काय ओळखायचं? एक उदाहरण देतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर दगडी नांगरांचा एक प्रकार आढळतो: लांबट चौकोनी दगड, वर निमुळता, वरच्या टोकाला दोरासाठी एक गोल भोक आणि खालच्या बाजूला लाकडी फाळ घालायला दोन चौकोनी भोकं, एकमेकांशी काटकोनात. असे दगड नंतर पायरीला, कुंपणाला, गुरं बांधायला वापरलेले सापडतात, कधी शेंदूर लावलेलेही. कोळीवाड्यातल्या दहा पोरांना हा आकार एकदा चित्रातून दाखवला तर ते जे शोधतील ते बाहेरच्या तज्ज्ञाच्या चार फेऱ्यांत सापडणार नाही.

सापडलं म्हणून उचलायचं मात्र नाही. फोटो, माप, जागा, आणि तिथेच ठेवायचं. युनेस्कोच्या २००१ च्या पाण्याखालच्या वारशाविषयीच्या करारातही जागेवर जपणं हाच पहिला पर्याय मानला आहे. कारण रसायनाचं आहे. समुद्रात शेकडो वर्षं राहिलेल्या लोखंडात, समजा एखाद्या तोफेत, मीठ खोलवर मुरलेलं असतं. ते बाहेर काढून वाळवलं की आठवड्यांत पापुद्रे सुटू लागतात. वरून काळा ऑइलपेंट मारला तर मीठ आत कोंडतं आणि तोफ आतून फुटते. तिला अल्कलीच्या पाण्यात महिनोन् महिने, मोठी असेल तर वर्षानुवर्षं बुडवून ठेवावं लागतं. लाकूड वाळलं की आक्रसतं आणि पिळवटतं. जाळ्यातून वस्तू आधीच वर आली असेल तर ती कोरडी होऊ देऊ नये: निळ्या ड्रममध्ये समुद्राच्याच पाण्यात, सावलीत ठेवावी आणि त्याच दिवशी कळवावं. घासू नये, ठोकून शंख-शिंपले काढू नयेत.

पण कळवायचं कुणाला, इथे गाडी अडते. १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून जास्त किमतीची, जमिनीत पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना सांगायला लावतो. मच्छीमाराला त्यातून दिसते ती चौकशी, पोलीस ठाण्यातल्या फेऱ्या आणि बुडालेले मासेमारीचे दिवस. त्यामुळे वस्तू परत पाण्यात जाते किंवा भंगारात. राज्य पुरातत्त्व विभाग आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी मिळून एक साधी पोच छापावी, धक्क्यावरच्या परवाना अधिकाऱ्याने ती जागेवर द्यावी आणि सांगणाऱ्याचं नाव शोधक म्हणून नोंदवावं. याला नवा कायदा लागत नाही. बोरिवलीच्या एक्सरमधले नौयुद्ध कोरलेले वीरगळ, तेराव्या शतकातल्या शिलाहार-यादव लढाईचे मानले जाणारे, आजवर टिकले ते गावात उभे राहूनच.

गोळा केलेलं दाखवायची जागा प्रथम कोळीवाडाच. नारळी पौर्णिमेच्या आधीचा आठवडा, सोसायटीचं सभागृह. फलकावर साठ-सत्तर शब्दांहून जास्त नको, आणि छापण्याआधी मसुदा चार घरांत मोठ्याने वाचून दाखवावा. चुकीचं नाव तिथे पकडलं गेलं तर बरं, उद्घाटनाच्या दिवशी पकडलं गेलं तर भांडण. प्रत्येक फोटोखाली कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल टांगावी: 'यात कोण आहे? होडी कुणाची?' आमचा अनुभव असा की या चिठ्ठ्यांतून आलेली माहिती फलकांवरच्या माहितीपेक्षा जास्त भरते. कायमचे फलक लावायचे तर सनबोर्ड नको, एका पावसाळ्यात वाकतो. लोखंडी चौकटही नको. क्यूआर कोड लावायचा असेल तर त्यामागचं संकेतस्थळ पाच वर्षं कोण चालवणार ते आधी ठरवावं.

प्रती तीन: एक सोसायटीत, एक गावच्या शाळेत, एक किनाऱ्यापासून दूर एखाद्या ग्रंथालयात. खाऱ्या हवेत हार्ड डिस्कचे पिन गंजतात, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवून वर्षातून एकदा तरी जोडून बघावं. रेकॉर्डर, माइक, स्कॅनर, दोन डिस्क आणि मोजणीचं सामान मिळून एका कोळीवाड्याचा खर्च आमच्या अंदाजाने चाळीस हजारांच्या आसपास बसतो.

नकाशांबाबत एक सावधगिरी. २०११ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत मुंबईतले कोळीवाडे मोजून त्यांची वेगळी नोंद करायला सांगितलं होतं, आणि हद्दींचा वाद अजून चालू आहे. मासळी सुकवायची जागा, होड्या ओढायची जागा, जाळी विणायची जागा आपण कागदावर आणली तर ती हक्काच्या कामी येते. पण एखादी जागा आपल्याच नकाशात राहून गेली, तर 'तुमच्याच नकाशात नाही' असं उत्तर मिळू शकतं. म्हणून नकाशा गावबैठकीत सगळ्यांसमोर तपासल्याशिवाय कुठल्याही कचेरीला देऊ नये, आणि त्यावर 'अपूर्ण' हा शब्द ठळक असावा.

आपल्या दैनिकाला एक विनंती. आठवड्यातून एकदा एका कोळीवाड्याचा, गोदीचा किंवा बोटीचा जुना फोटो, कुठल्याही मजकुराविना, फक्त 'ओळखा आणि कळवा' एवढ्या ओळीसह छापावा, आणि आलेली उत्तरं पुढच्या आठवड्यात जशीच्या तशी, त्या त्या बोलीत द्यावीत. मेच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात झाली तर बंदीच्या दोन महिन्यांचा उपयोग होईल.

आपले,
किनाऱ्यावरच्या नोंदींचं काम करणारे काही वाचक, मुंबई

ता. क. – पावसाळा तोंडावर आला की घरोघरी जुने फोटो लॅमिनेट करायची टूम निघते. कृपया करू नका. उष्णतेने फोटोचा थर प्लॅस्टिकला चिकटतो आणि पुन्हा सुटत नाही. कागदी पाकिटात, एकावर एक न दाबता, कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनची रेघ पुढून उमटते.